किल्ल्यावर कोणी पडलं तर? सिल्लोडकडच्या नर्सताईंना उत्तर

पत्र, थोडं कमी करून:

"सर, मी सिल्लोडजवळ ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय ३४, दोन लेकरं. आमचा ग्रुप आहे, रविवारी वेताळवाडी, अंतूर, सुतोंडा असं करत असतो. मागच्या पावसाळ्यात उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय घसरला आणि घोटा मोडला. मी स्प्लिंट बांधलं, पण पुढं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, चादरीत घालून खाली आणेपर्यंत अंधार पडला. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट शिकायचं. पुण्याकडं पाच दिवसांचा रॉक क्लाइंबिंग आणि रेस्क्यूचा कोर्स आहे, पण फी बऱ्यापैकी आहे. ग्रुपमधला एक जण म्हणतो पैसे काहून घालता, त्यानं ऑनलाइन रोप मागवलाय, व्हिडिओ बघून इथंच शिकू. सासूबाई म्हणतात दोन लेकरांची माय कड्याला लटकायला चालली. आणि खरं सांगायचं तर मला उंचीची भीती वाटते. जाऊ का नको?"

ताई, जा. नक्की जा. आणि जाऊन येईपर्यंत त्या मागवलेल्या रोपवर तुमच्या ग्रुपमधल्या एकालाही लटकू देऊ नका, हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली ओळ तीच आहे, उंचीच्या भीतीची नाही.

रोप म्हणजे एकच वस्तू नसते. क्लाइंबिंगचा डायनॅमिक रोप असतो, तो पडणाऱ्याचं वजन आलं की ताणतो आणि तो झटका स्वतः पिऊन घेतो. दुसरा स्टॅटिक किंवा सेमी-स्टॅटिक, तो फार कमी ताणतो, म्हणून रॅपलिंगला (रोपवरून खाली उतरायला), जुमारिंगला (रोपला पकडणारी क्लॅम्प लावून वर चढायला), जखमी माणसाला खाली सोडायला किंवा वर ओढायला तोच बरा पडतो. आता कोणी स्टॅटिक रोपवर लीड करत, म्हणजे रोप खालून सोबत घेत सगळ्यांच्या पुढं, वर गेला आणि पडला तर तो सगळा झटका त्याच्या कमरेवर आणि अँकरवर (रोप कातळाला जिथं बांधलाय तिथं) जातो, रोप तुटला नाही तरी माणूस मोडतो. डायनॅमिकवर ईएन ८९२ आणि सेमी-स्टॅटिकवर ईएन १८९१ असं मानक लिहिलेलं असतं, हेल्मेटवर ईएन १२४९२, कॅरॅबिनरवर (रोप अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी) किती किलोन्यूटन ते कोरलेलं असतं (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार समजा), आणि ज्याच्यावर यातलं काहीच नाही तो रोप सामान बांधायचा आहे, मग तो कितीही जाड आणि रंगीत दिसू द्या. कोणाचा वापरलेला, "चांगला आहे अजून" म्हणून दिलेला रोपही नको. बॅटरीच्या ॲसिडची नुसती वाफ लागली तरी नायलॉन आतून जातं आणि वरून काहीच दिसत नाही, आणि आपल्याकडं रोप कुठं ठेवतात, तर गाडीच्या डिकीत नाहीतर मोटर-स्टार्टरच्या खोलीत.

व्हिडिओचं म्हणाल तर व्हिडिओ वाईट नसतात, मीही बघतो. पण व्हिडिओ तुमची गाठ तपासत नाही. फिगर ऑफ एटची गाठ मोबाईल समोर ठेवून कोणालाही येते, तीच गाठ दमलेल्या हातानं, ऊन डोक्यावर असताना, खाली कोणीतरी विव्हळत असताना मारायची असते आणि मारून झाल्यावर दुसऱ्यानं तिला हात लावून बघायचं असतं. दुसरं असं की व्हिडिओत जे दिसत नाही तेच जीव घेतं. साधं उदाहरण देतो. रोप कॅरॅबिनरमधून न घालता डायरेक्ट स्लिंगमधून (नायलॉनच्या पट्ट्याच्या फासातून) घालून कोणाला खाली सोडलं तर नायलॉन नायलॉनवर घासतं आणि उष्णतेनं वितळून स्लिंग तुटते, बघता बघता. हे ज्याला माहीत नाही त्याला ती जोडणी एकदम व्यवस्थित वाटते, दिसायलाही छान दिसते.

आता कोर्स. कोर्स आणि ॲडव्हेंचर कॅम्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत दोन्हींचे फोटो सारखेच असतात, त्यामुळं पैसे भरायच्या आधी फोन करा आणि एकच विचारा, बिले कोण देणार, म्हणजे चढणाऱ्याला सांभाळायला खालून रोप कोण धरणार? कॅम्पमध्ये तुमचं हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) ते बांधतात, गाठ ते मारतात, रोप ते धरतात, तुम्ही चढता, फोटो निघतो, घरी येता. मजा येते, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण शिकून काही येत नाही. कोर्समध्ये गाठ तुम्ही मारता आणि ते तपासतात, खालून रोप तुम्ही धरता आणि मागं इन्स्ट्रक्टर बॅकअप धरून उभा असतो. दुसऱ्याचा जीव आपल्या ब्रेकच्या हातात आहे आणि तो हात रोपवरून एक सेकंदही सुटायला नको, ही जाणीव चढण्यात येत नाही, बिले करताना येते. तुम्हाला रेस्क्यू शिकायचंय ना, मग तुमचं खरं शिक्षण भिंतीच्या खाली उभं राहूनच होणार आहे.

बाकीचं पण विचाराच, नर्स आहात, प्रश्न विचारायची सवय आहेच. एका इन्स्ट्रक्टरमागं भिंतीवर किती जण. इन्स्ट्रक्टरनं कुठून शिकलंय. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची संस्था, असं काही नाव सांगता येतं का आणि त्यानंतर तो सतत चढतोय का. संस्थेची नोंदणी आहे का, कारण महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. भिंतीपासून जवळचं हॉस्पिटल कोणतं, तिथं न्यायला गाडी कोणाची, ती दिवसभर तिथंच उभी असते का. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर दुसरा कोर्स बघा, सरळ. बाई इन्स्ट्रक्टर आहे का आणि राहायची-टॉयलेटची सोय कशी आहे हेही मोकळेपणानं विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

उत्तरकाशीचा बेसिक कोर्स जवळजवळ चार आठवड्यांचा असतो, लेकरं आणि ड्युटी सोडून तुम्हाला तो आत्ता जमायचा नाही हे मला कळतं. पाच दिवसांचा चालेल. फक्त पाच दिवसांतून काय येईल आणि काय येणार नाही ते आधीच डोक्यात स्पष्ट असू द्या.

भीतीबद्दल. उंचीची भीती असलेली माणसं या कामात मला आवडतात, कारण ती हार्नेसचं बकल दोनदा बघतात. ती भीती पहिल्याच दिवशी जात नाही आणि कोणी "काही नाही होत, उडी मारा" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. टॉप-रोपवर सुरुवात होते, म्हणजे रोप वरून आलेला असतो आणि सुटलं तरी थोडंसं खाली येऊन थांबता. पहिल्या दिवशी मुद्दाम दोन मीटरवरून हात सोडून बघा, रोपनं धरलं हे अंगाला कळू द्या, ते डोक्याला सांगून कळत नाही. नवीन माणूस हातानं ओढून वर जायला बघतो आणि अर्ध्यात त्याचे हात दगड होतात. चढायचं पायानं असतं, टाच खाली, पोट कातळापासून थोडं लांब, तीन ठिकाणी आधार पक्का असेल तरच चौथा हलवायचा. दंडात जोर कमी असलेली माणसं हे लवकर शिकतात असं मी बऱ्याचदा बघितलंय, कारण त्यांना दुसरा इलाजच नसतो.

जायच्या आधी महिनाभर जिने चढा, बैठका मारा, दाराच्या वरच्या कडेला बोटांनी थोडं थोडं लटका. नखं कापा. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, कारण वेणी किंवा ओढणी बिलेच्या डिव्हाइसमध्ये गेली तर उतरणारा माणूस तिथंच अडकतो. आणि अंगठी, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढून ठेवायचं. अंगठी कपारीत अडकून बोट सोलून निघालेलं कॅज्युअल्टीत कदाचित तुम्ही बघितलंही असेल. सासूबाईंनी मंगळसूत्रावरून काही म्हटलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये काय करता ते सांगा, नियम तोच आहे.

आता रेस्क्यू, ज्याच्यासाठी तुम्ही खरं लिहिलंय.

रेस्क्यूत पहिल्यांदा हेच शिकवतात की वाचवायला गेलेला माणूस दुसरा पेशंट व्हायला नको. ऐकायला सोपं वाटतं, पण आपला माणूस खाली पडलेला दिसत असताना, त्याची हाक ऐकू येत असताना दोन मिनिटं थांबून वर दगड सुटतायत का, आपला अँकर कुठं आहे, पोळं कुठं आहे हे बघणं फार अवघड असतं. चांगला इन्स्ट्रक्टर हे थांबणंच शिकवतो. बाकी तांत्रिक गोष्टी त्याच्या नंतर. अँकर एका पॉइंटवर कधी करत नाहीत, दोन-तीन वेगळे पॉइंट घेऊन भार वाटतात, आणि दोन स्लिंगमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवतात, कारण कोन वाढत १२० वर गेला की दोन्ही पॉइंटवर प्रत्येकी पूर्ण वजन येतं, म्हणजे वाटून घेतल्याचा काहीच उपयोग राहत नाही. रॅपल करताना रोपच्या टोकाला गाठ आणि खाली प्रुसिकचा (भार आला की रोपला आवळणारी गाठ) बॅकअप, म्हणजे हात सुटला तरी माणूस थांबतो. वर ओढायची तीनास एकची सिस्टीम शिकवतील, तीन मीटर रोप ओढला की माणूस एक मीटर वर येतो, कागदावर एक तृतीयांश जोर लागतो आणि कातळाच्या कडेवर रोप घासला की त्यातला बराचसा फायदा घर्षणातच जातो. म्हणून अनुभवी लोक आधी खाली सोडता येतंय का ते बघतात, वर ओढणं अगदीच नाइलाज झाला तर.

एक गोष्ट तुमच्या कामाची, नीट लक्षात ठेवा. हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस ही इमर्जन्सी आहे, बाहेरून एक ओरखडा नसला तरी. पाय हलत नाहीत, रक्त पायात साठत जातं, आणि बेशुद्ध असेल तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा, स्लिंगचा फास करून त्यात पाय देऊन उभं राहायला लावा, आणि लवकरात लवकर खाली घ्या. खाली आणल्यावर बसवून ठेवा असं पूर्वी सांगायचे, ते आता मागं पडलंय, आडवं झोपवायचं आणि तुमचं नेहमीचं एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण बघणं) सुरू करायचं.

आणि पाच दिवसांत तुम्ही रेस्क्यू टीम होणार नाही ताई. ते वर्षानुवर्षांचं काम आहे, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीची यशवंती हायकर्स ही मंडळी किती वर्षं रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतायत ते बघा म्हणजे अंदाज येईल. गिर्यारोहकांचं मिळून महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा हेल्पलाइन नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, शिवाय ११२ आणि १०८ आहेतच. तुम्ही शिकून यायचंय ते मदत येईपर्यंतच्या तासांसाठी. पेशंटला आणखी पडू द्यायचं नाही, सावलीत ठेवायचं, मणक्याला मार असेल तर हलवायचं नाही, आणि टीम आल्यावर नेमकं सांगता यायला पाहिजे की काय झालं, किती वाजता झालं, काय दिलं. यातलं निम्मं तुम्हाला आजच येतं, कड्यावर जाणाऱ्या कितीतरी तरबेज पोरांना ते येत नाही. मागच्या वेळी स्प्लिंट तुम्हीच बांधलं ना.

आपल्या भागाचं थोडं वेगळं सांगतो, कारण पुण्याकडच्या कोर्समध्ये हे कोणी सांगेल असं नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेतला कातळ बेसॉल्टच आहे, सह्याद्रीसारखाच थरांचा, पण एक थर लोखंडासारखा आणि त्याच्या खालचा हातानं सुटणारा असं असतं, म्हणून जे पकडायचं ते आधी ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला की सोडून द्यायचं. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात कातळ इतका तापतो की हात ठेवता येत नाही आणि पेशंट पडून राहिला तर घोट्याच्या आधी उष्माघातच गाठतो. त्यामुळं प्रॅक्टिस दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली रोप लावायचाच नाही, जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो, रोपवर लटकलेला कुठं जाणार. परफ्युम नको, शेकोटी नको, आरडाओरड नको. रेंज अंतूरकडं काय न् सुतोंड्याकडं काय, भरवशाची नाही. म्हणून मदतीला एकट्याला पाठवू नका, दोघांना पाठवा आणि चिठ्ठीवर जागा, पेशंटची अवस्था, वेळ लिहून द्या, कारण घाबरलेला माणूस खाली जाऊन अर्धंच सांगतो. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी पाहिजे, मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे मदत पाहिजे, हा खुणेचा नियम डोंगरात बऱ्याच ठिकाणी चालतो.

आणि किल्ल्याच्या तटबंदीवर, लेण्यांच्या आजूबाजूला प्रॅक्टिस नको. देवगिरी, पितळखोरा या संरक्षित जागा आहेत, गौताळा अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. खिळा ठोकायचा तर विचारही नको.

मराठवाड्यात याचा उपयोग काय असं ग्रुपमधलं कोणी म्हणालं तर त्याला दोन गोष्टी सांगा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीत घरं पडली तेव्हा ढिगाऱ्याला लागलेले पहिले हात शेजारपाजाऱ्यांचेच होते, बाहेरची मदत नंतर पोचली. आणि दुसरी गोष्ट विहिरीची. आपल्याकडं कड्यावरून कमी आणि विहिरीत जास्त माणसं जातात. गाळ काढायला एक जण उतरतो, खाली हवा खराब असते किंवा डिझेल इंजिन आत सोडून पाणी उपसलेलं असतं, त्याचा धूर साचलेला असतो, तो चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. वाचतो तो फक्त जो उतरला नाही. दोरी बांधून उतरला तरी विषारी हवेत दोरी श्वास देत नाही. वर अँकर करून, हार्नेस घालून माणूस सोडायला तुम्ही कोर्समध्ये शिकाल, पण अशा विहिरीत अग्निशमनवाल्यांच्या श्वसनयंत्राशिवाय कोणी उतरायचं नाही हे गावात ठणकावून सांगणारं माणूस तुम्ही व्हा, दवाखान्यातल्या सिस्टरचं गाव ऐकतं. कलेक्टर ऑफिसातल्या आपत्ती व्यवस्थापन विभागात आपदा मित्रच्या ट्रेनिंगचीही चौकशी करून ठेवा, ते सरकारी आहे, ज्या जिल्ह्यात राबवतात तिथं सामान्य माणसांना घेतात.

कोर्सहून आल्यावर महिन्यातून एक रविवार चढाईला न जाता प्रॅक्टिसला ठेवा, सपाट जागेवर, झाडाला अँकर करून. गाठी हातातून फार लवकर जातात. ग्रुपमधल्या दोघांना तरी तुमच्यासोबत कोर्सला न्या, फी वाटून नाही घेता येत पण सिस्टीम एकट्यानं चालतच नाही. त्यातला एक तो रोपवाला भाऊ असू द्या. त्याचा उत्साह खरा आहे, त्याला हिणवू नका, फक्त त्या उत्साहाला इन्स्ट्रक्टर मिळवून द्या. ग्रुपचा सेट पुढं घ्यायचाच असेल तर कोर्समधल्या इन्स्ट्रक्टरला विचारून, बिलासकट घ्या आणि त्याची वही ठेवा, कधी घेतला, कुठं वापरला, कोणी पडलं का.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची भीती खोटी नाही. आपल्या संभाजीनगरच्या रफिक शेख यांनी २०१६ मध्ये आणि मनीषा वाघमारे यांनी २०१८ मध्ये एव्हरेस्ट केलं असं सांगून बघा वाटलं तर, पण माझ्या मते त्यानं त्यांची काळजी वाढेलच. त्यापेक्षा चादरीत घालून आणलेल्या त्या पोराची गोष्ट त्यांना सविस्तर सांगा, त्याच्या आईला फोन करताना तुम्हाला काय वाटलं ते सांगा. आणि कोर्सवाल्यांना आधी विचारून शेवटच्या दिवशी नवऱ्याला, लेकरांना आणि त्यांना भिंतीखाली बोलवा, बऱ्याच ठिकाणी येऊ देतात. त्या दिवशी तुम्ही चढून दाखवू नका, बिले देताना त्यांना दिसा. सुट्टीचा अर्ज मात्र आत्ताच टाका, दिवाळीनंतरच्या बॅचेस लवकर भरतात आणि तुमच्या मेट्रनला ड्युटी लावायला वेळ लागेल.